७० जुनी मशीन, लिनक्स आणि 'थिन क्लायंट': डेस्कटॉप सर्व्हरवर चालवू की नुसतं बूट करू?

एकटाच_ॲडमिन

नमस्कार मंडळी. एका सरकारी कार्यालयाचा संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी आणि एक खुर्ची. दुसरी खुर्ची होती, ती गेल्या वर्षी लेखा विभागाने नेली.

एकूण मशीन ७०. त्यातल्या ४५ मध्ये ४ जीबी रॅम, फिरणारी हार्ड डिस्क आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, म्हणजे विंडोज ११ बसत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नव्या मशीनचा प्रस्ताव दोनदा शेरा मारून परत आला. मधल्या काळात साहेबांनी कुठल्याशा सादरीकरणात 'थिन क्लायंट' (काम सगळं सर्व्हरवर, टेबलावर फक्त पडदा) हा शब्द ऐकला. तेव्हापासून त्यांचं एकच: "एक मोठा सर्व्हर घेऊ, बाकी टेबलांवर नुसते डबे ठेवू."

काम काय चालतं: ब्राउझरमधली दोन पोर्टलं, लिब्रेऑफिस, पीडीएफ, प्रिंट, स्कॅन. तीन टेबलांवर डिजिटल सहीचं यूएसबी टोकन. शिवाय एक जुनं लेखा सॉफ्टवेअर, फक्त विंडोजवर चालणारं, पाच जण वापरतात.

मी एक प्रयोग केला. पडून असलेल्या सर्व्हरवर (३२ जीबी रॅम, ८ कोअर) डेबियन लिनक्स टाकलं, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आणि तो दुसऱ्या मशीनवरून वापरू देणारं एक्सआरडीपी लावलं, चार जणांना बसवलं. लोण्यासारखं चाललं. तीन दिवस मी कॉरिडॉरमधून जरा छाती काढून फिरलो. चौथ्या दिवशी १४ जण बसवले. साडेअकराला सगळ्यांचे माउस एकाच क्षणी थांबले आणि १४ माना एकाच वेळी माझ्या दाराकडे वळल्या.

विचारायचंय ते असं: ७० जणांसाठी किती रॅम धरू? एलटीएसपी (एका सर्व्हरवरून अनेक लिनक्स मशीन बूट करणारं साधन) अजून जिवंत आहे का? शोधलं की सगळे लेख १५ वर्षांपूर्वीचे निघतात. आणि तो एक सर्व्हर बसला तर?


काळा_पडदा

आधी तुमच्या साडेअकराचा पंचनामा करू. एक्सएफसीईचं रिकामं सेशन ४००-५०० एमबीत भागतं. त्यात ब्राउझर उघडला, दोन पोर्टलं, मेल, एखादी मोठी पीडीएफ, की माणशी दीड ते दोन जीबी सहज जातात. १४ गुणिले २ म्हणजे २८. वर सर्व्हरचं स्वतःचं काम. म्हणजे ३२ जीबी संपली, स्वॅप (रॅम संपली की डिस्कवर भागवणं) सुरू झाला, आणि तोही बहुधा फिरणाऱ्या डिस्कवर. तिथून पुढे माउस हलत नाही. चार जणांच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही. चार जणांना ते मशीन म्हणजे रिकामा वाडा होता. याच हिशोबाने ७० जणांना १४० जीबी लागेल. वर पाव भाग शिल्लक ठेवा. पण तेवढी रॅम मागायच्या आधी पुढचं वाचा.

मी या धंद्यात आलो तेव्हा टेबलावरच्या डब्यात खरोखर काही नसायचं. पडद्यावर चित्र काढणाऱ्या एक्स विंडो या प्रणालीची रचनाच तशी होती: प्रोग्राम तिकडे सर्व्हरवर चालायचा, इकडे डबा फक्त चित्र काढायचा. अमेरिकेतल्या फ्लोरिडामधल्या लार्गो या शहराच्या नगर प्रशासनाने २००० नंतरची कित्येक वर्षं शेकडो कर्मचारी याच पद्धतीने चालवले, आधी केडीई, पुढे ग्नोम या डेस्कटॉपवर. त्यांची एक युक्ती आजही शिकण्यासारखी आहे. डेस्कटॉपचा सर्व्हर वेगळा, ऑफिसच्या कामाचा वेगळा, ब्राउझरचा वेगळा. ब्राउझरने जीव सोडला तरी बाकी पडदा जिवंत. म्हणजे सगळ्यात खादाड कोण हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आणि तेव्हा वेबपान हे पान होतं. आता ते पानाच्या वेषातलं सॉफ्टवेअर असतं, प्रत्येक टॅबला एक.

दुसरं म्हणजे पडदा तारेवरून नेण्याचा खर्च. १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. दर पिक्सेलला ३ बाइट, सेकंदाला ३० चित्रं. झाले साधारण १८६ एमबी दर सेकंदाला, म्हणजे दीड गिगाबिट. एका माणसाने पूर्ण पडद्यावर प्रशिक्षणाचा व्हिडिओ लावला तर दाबल्याशिवाय तो गिगाबिटच्या तारेत मावत नाही. दाबायचं काम सर्व्हरच्या सीपीयूचं. सर्व्हरमध्ये ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्र काढण्याचं कामसुद्धा त्याच सीपीयूचं. म्हणून ग्नोमसारखा नटवा डेस्कटॉप अशा ठिकाणी नको. एक्सएफसीई किंवा माटे. आणि स्क्रीनसेव्हर आजच्या आज बंद करा. जेवणाच्या सुट्टीत सर्व्हर १०० टक्क्यांवर का जातो हे मी एकदा आठवडाभर शोधत होतो. खुर्च्या रिकाम्या आणि ४० पडद्यांवर पाइप वळवळत होते.

शिवाय एक्सचे दिवस भरत आलेत. त्याच्या जागी येणाऱ्या वेलँडमध्ये तारेवरून चित्र काढण्याची सोय मुळात नाही, ती बाहेरून जोडावी लागते. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० मधून एक्सऑर्ग सर्व्हर (म्हणजे एक्सच) काढून टाकलाय. एक्सआरडीपी आणि तसंच काम करणारं एक्सटूगो आजही उत्तम चालतात, पण दोन्हींच्या पोटात एक्सच आहे. नवी उभारणी करताना हे माहीत असावं. आणि जुन्या लेखांत वाचून एक्सडीएमसीपी (एक्सचं जुन्या पद्धतीचं दूरचं लॉगिन) लावू नका, त्यात पासवर्डसकट सगळं उघडं जातं.

आता मुद्द्याचं. तुमच्या साहेबांना हवंय काय? ७० मशीन एका जागेवरून सांभाळणं. त्यासाठी टेबलावरचं मशीन मठ्ठ असण्याची गरज नाही. तुमच्या ४५ डब्यांत सीपीयू आहेत, ते फुकट का बसवायचे? मशीन नेटवर्कवरून बूट करा, सिस्टीम सर्व्हरवरून येऊ द्या, पण प्रोग्राम टेबलावरच चालू द्या. आमच्यात याला फॅट क्लायंट म्हणतात. मला 'बिनडिस्कचं मशीन' हा शब्द बरा वाटतो, ऐकल्यावर लगेच कळतो.

एलटीएसपी जिवंत आहे. १९९९ मध्ये सुरू झालं, २०१९ मध्ये मुळापासून नव्याने लिहिलं गेलं. त्या नव्या अवतारामागे ग्रीसमधल्या शाळांच्या लॅब चालवणारी मंडळी आहेत, म्हणजे एकट्या माणसाचे हाल त्यांना माहीत आहेत. तुम्हाला सापडतात ते लेख जुन्या एलटीएसपी ५ चे. ते मिटवून टाका, आज्ञासुद्धा जुळणार नाहीत. नव्याची चाल अशी: मशीन चालू झालं की पीएक्सई (नेटवर्कवरून बूट व्हायची मशीनमधली सोय) हाक मारतं, सर्व्हरवरचं डीएनएसमास्क उत्तर देतं, आयपीएक्सई हा छोटा बूट प्रोग्राम उतरतो, मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. त्यानंतर सर्व्हरवरची एकच दाबलेली स्क्वॉशएफएस इमेज (अख्खी सिस्टीम एका फाइलीत) एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवर फाइली वाटण्याच्या सोयीतून, जोडली जाते. तिच्यावर रॅममध्ये एक पातळ थर बसतो. कुणी काय बिघडवलं ते त्या थरात. मशीन बंद, बिघाड गेला. लॉगिन एसएसएच या सुरक्षित जोडणीमार्फत सर्व्हरवर तपासलं जातं आणि माणसाचं होम फोल्डर तिथूनच येतं. तुमचा सध्याचा ३२ जीबीचा सर्व्हर ७० जणांना पुरेल, कारण तो फक्त फाइली वाटेल. पैसे जुन्या मशीनच्या रॅमवर घाला, ४ ची ८ करा. तोवर झेडरॅम (रॅममधलं दाबून ठेवणारी सोय) लावून ठेवा. हार्ड डिस्का काढून कपाटात टाका.

हे सगळं झालं आणि तरी मशीन बूट होईना, तर माझी गोष्ट आठवा. एके ठिकाणी अर्धी मशीन बूट व्हायची, अर्धी 'नेटवर्क सापडलं नाही' म्हणून काळा पडदा दाखवायची. दोन दिवस मी इमेजला शिव्या घातल्या, चार वेळा नव्याने बनवली. तिसऱ्या दिवशी कळलं की एका मजल्यावरच्या स्विचवर स्पॅनिंग ट्री (तारांचं चक्र होऊ नये म्हणूनची सोय) चालू होतं. तार जिवंत झाली की तो स्विच १५ सेकंद ऐकतो, पुढचे १५ सेकंद शिकतो, मग कुठे वाहतूक सोडतो. तोवर पीएक्सईचा धीर सुटलेला असतो. ज्या पोर्टवर नुसती मशीन आहेत तिथे पोर्टफास्ट (ही वाट बघणं टाळणारी सेटिंग) चालू केलं आणि सगळी पहिल्या फटक्यात उठली. माझं इथलं नाव त्याच आठवड्याचं आहे.


थेट_इन्स्टॉल

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? प्रत्येक मशीनला स्वस्तातली एसएसडी, डेबियन, वर अँसिबल (एका जागेवरून सगळ्या मशीनवर बदल करणारं साधन). संपलं. म्युनिक महापालिकेने २०१३ पर्यंत सुमारे १५,००० मशीन लिनक्सवर नेली, फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने उबुंटूवर त्याहून कितीतरी जास्त. दोन्हीकडे लिनक्स मशीनमध्येच बसवलेलं, डबे नाहीत. सर्व्हर बसला की तुमचे ७० जण खिडकीबाहेर बघत बसणार.


काळा_पडदा

@थेट_इन्स्टॉल, पटतं, पण अर्धंच. म्युनिककडे माणसांची फौज होती. आणि २०१७ मध्ये नगर परिषदेने परत विंडोजकडे जायचं ठरवलंच, तेव्हा नुसती मोठी संख्या हा फार मोठा आधार नाही. इथे एक माणूस आणि एक खुर्ची आहे. ७० डिस्का म्हणजे मरू शकणाऱ्या ७० गोष्टी. अँसिबलचा फेरा सुरू असताना नेमकं कुणीतरी मशीन बंद करून घरी जातं आणि ते अर्धवट राहतं. पण सर्व्हर बसण्याचं म्हणणं खरं आहे, त्यावर पुढे लिहितो.


एकटाच_ॲडमिन

@काळा_पडदा, सर, तुमचं नाव वाचून वाटलं होतं काहीतरी कविताबिविता करत असाल.

स्क्रीनसेव्हर बंद केले. फरक दिसला.

तीन शंका. एक: टोकनचं काय? एक्सआरडीपीच्या प्रयोगात आमच्या एका मॅडमचं टोकन दिसलंच नाही. दोन: इमेज बदलायची कधी? लोक काम करत असताना? तीन: ती पाच जणांची लेखा सॉफ्टवेअरवाली मंडळी.


सहीवाली

टोकनचं मी सांगते, हाताने भोगलंय.

दूरच्या सेशनमध्ये टोकन तुमच्या टेबलावर खोचलेलं आणि ब्राउझर मात्र सर्व्हरवर. मधली वाट प्रत्येक सॉफ्टवेअरची वेगळी आणि लिनक्स सर्व्हरच्या बाजूने ती बऱ्याचदा कच्ची. म्हणून आमच्याकडे कुणीतरी शहाणपण केलं: सगळी टोकनं थेट सर्व्हरलाच खोचली. मग खरी गंमत. सही घेणारं पोर्टल मशीनवर एक छोटा मदतनीस प्रोग्राम चालवतं आणि ब्राउझर त्याच्याशी लोकलहोस्टवरच्या (म्हणजे त्याच मशीनवरच्या) एका ठरलेल्या पोर्टवर बोलतो. एका माणसाचं एक मशीन असेल तर ठीक. पण सामाईक सर्व्हरवर सगळ्यांचा लोकलहोस्ट एकच! ज्याने सकाळी आधी लॉगिन केलं त्याच्या मदतनीसाने पोर्ट धरला. दुपारी मी 'सही करा' दाबलं, आणि पिन विचारणारी खिडकी उघडली दोन खोल्या पलीकडच्या साहेबांच्या पडद्यावर. त्यांना वाटलं त्यांचंच काहीतरी आहे. त्यांनी पिन टाकला. माझ्या पत्रावर त्यांची सही. ते पत्र रद्द करायला जेवढे कागद लागले तेवढ्यात एक फाइल उभी राहिली.

त्यामुळे सही असलेल्या टेबलांवर ब्राउझर टेबलावरच चालला पाहिजे. बिनडिस्कच्या मशीनमध्ये तो चालतो. इमेजमध्ये पीसीएससीडी (टोकन ओळखणारी सेवा) आणि टोकन कंपनीची पीकेसीएस ११ ची लायब्ररी (जिच्यामार्फत ब्राउझर टोकनशी बोलतो) घालून ठेवायची, ब्राउझरला ती एकदा दाखवायची. एक बघून घ्या: ही लायब्ररी कंपनी कुठल्या प्रोसेसरसाठी देते. नेहमीच्या ६४ बिट पीसीसाठी बहुतेक वेळा मिळते, एआरएमसाठी पुष्कळदा नसते. कुणी रास्पबेरी पायचे (तेही एआरएमच) डबे घ्या म्हणालं तर हा पहिला प्रश्न विचारा.


काळा_पडदा

@सहीवाली, हा लोकलहोस्टचा किस्सा मी आता जिथे तिथे सांगणार. नाव न घेता.

@एकटाच_ॲडमिन, उरलेलं.

इमेज: काम चालू असताना हात लावायचा नाही. ज्या मशीनची मूळ सिस्टीमच एनएफएसवरून आली आहे तिच्या पायाखालची सतरंजी ओढल्यासारखं होतं. नवी इमेज वेगळ्या नावाने बनवा. एलटीएसपीच्या कॉन्फिग फाइलमध्ये मॅक ॲड्रेसप्रमाणे (प्रत्येक नेटवर्क कार्डचा स्वतःचा क्रमांक) वेगळे विभाग करता येतात, त्यात एकच मशीन नव्या इमेजवर टाका. तुमचं स्वतःचं नको, तुम्ही फार काळजीने वापरता. आवक-जावकचं घ्या, तिथे दिवसभर ठोकाठोक असते. आठवडा गेला की संध्याकाळी सगळ्यांना द्या. जुनी इमेज महिनाभर पुसू नका.

सकाळची गर्दी: समजा प्रत्येक मशीन बूट होताना ३०० एमबी ओढतं. ४५ मशीन म्हणजे साडेतेरा जीबी. सर्व्हरची तार एक गिगाबिटची असेल तर सगळ्यांनी एकदम बटण दाबल्यावर दोनेक मिनिटं जातात. डिस्कचा दोष नसतो, एकदा वाचलेलं सर्व्हरच्या रॅममध्ये असतं, तार अडते. सर्व्हरला दोन पोर्ट असतील तर दोन्ही जोडून वापरा. नाहीतर कार्यालय उघडायच्या वीस मिनिटं आधी वेक ऑन लॅनने (नेटवर्कवरून मशीन चालू करायची सोय) पाच-पाच मशीन उठवा. एपॉप्टीस नावाचं एक साधन आहे, त्यातून मशीन उठवता-मिटवता येतात. त्यातून लोकांचे पडदेही दिसतात, तेव्हा लावण्याआधी सगळ्यांना सांगा. न सांगता लावलं की पुढची पाच वर्षं तुमच्याशी कुणी धड बोलणार नाही.

होम फोल्डर: फायरफॉक्सचा कॅशे नेटवर्कवर ठेवू नका, मशीनच्या रॅममध्ये वळवा. एकच माणूस दोन टेबलांवर लॉगिन करणार असेल तर प्रोफाइलचं कुलूप अडतं, "फायरफॉक्स आधीच चालू आहे" म्हणून. हा फोन तुम्हाला येणार. आत्ताच उत्तर पाठ करा.

लेखावाले पाच: त्यांच्यासाठी एक विंडोज सर्व्हर आणि रेमिना या प्रोग्राममधून आरडीपी (दूरच्या विंडोजचा पडदा आपल्या टेबलावर). इथे मात्र खरा थिन क्लायंट शोभतो: एकच सॉफ्टवेअर, कमी माणसं, ना व्हिडिओ ना टोकन. परवान्याचा हिशोब आधी करा. विंडोज सर्व्हरवर पाच जण असे बसवायचे तर त्याचे वेगळे परवाने लागतात, आणि तपासणीला येणाऱ्याला नेमकं तेच दिसतं.

तुमचा १४ जणांचा एक्सआरडीपीचा सर्व्हर कुणासाठी तरी चालू ठेवणार असाल तर सिस्टमडीमध्ये (लिनक्सच्या सेवा सांभाळणारा भाग) प्रत्येक वापरकर्त्याच्या स्लाइसला, म्हणजे त्याच्या वाट्याला, मेमरीची मर्यादा घाला. मेमरीहाय दोन जीबी, मेमरीमॅक्स अडीच. मग एकाचा ब्राउझर मरेल, चौदांचे माउस थांबणार नाहीत.

आणि सर्व्हर बसण्याचं. दुसरं कुठलंही बरं मशीन घ्या, तीच इमेज त्यावर रोज रात्री उतरवा, डीएनएसमास्क बंद ठेवा. पहिला गेला की दुसऱ्यावर चालू करा. होम फोल्डर मात्र इमेजच्या सर्व्हरवर ठेवू नका, वेगळ्या साठ्यावर ठेवा, नाहीतर बूट होऊन फायदा काय? तीन-चार टेबलं, जिथे खिडकीसमोर रांग असते, तिथे थेट_इन्स्टॉल म्हणतात तसं एसएसडीवरच बसवा. तेवढं त्यांचं ऐकायला हवं.


थेट_इन्स्टॉल

"तेवढं" बद्दल आभार.


एकटाच_ॲडमिन

सहा आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला.

१२ मशीन बिनडिस्कची झाली. स्पॅनिंग ट्रीमध्ये मीही अडकलो असतो, पण पहिला काळा पडदा आल्याबरोबर स्विचकडेच पळालो. सही असलेली तिन्ही टेबलं चालतात. टोकनची लायब्ररी इमेजमध्ये घालताना दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा बसली. "फायरफॉक्स आधीच चालू आहे" चा फोन चौथ्या दिवशी आला, उत्तर तयार होतं.

लेखा विभागाचं अजून झालेलं नाही. परवान्याची फाइल फिरतेय.

साहेब बघायला आले. "तो मोठा सर्व्हर कुठेय?" म्हणाले. तोच जुना दाखवला. थोडे हिरमुसले, उद्घाटनाला काही उरलं नाही म्हणून असेल. मग वळून म्हणाले, "मग उरलेली ३३ कधी?"

तिथेच अडलंय. पुढच्या मजल्यावर दहा मशीन लावायला घेतली, तर सहा रोज सकाळी नेटवर्क बूट विसरतात. बायोसमध्ये जाऊन चालू करावं, रात्री वीज बंद केली की सकाळी पुन्हा बंद, घड्याळ २००९ दाखवतं. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी मेलीय. आता स्क्रूड्रायव्हर घेऊन टेबलाखाली बसतो. सहा तर नक्की, उरलेल्यांतली किती निघतात ते उघडल्यावर कळेल.